जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर

जुन्या स्कूटरविषयी कोणतीही तक्रार निघाली, की पहिला आळ कार्ब्युरेटरवर येतो. सकाळी किक मारून पाय दुखू लागला, चढावर गाडीचा दम तुटला, सिग्नलपाशी इंजिन बंद पडले, पेट्रोल फार लागू लागले, मागे धूर दिसला, काहीही असो. शेजारचा जाणता गृहस्थ ‘कार्ब्युरेटर साफ करून घ्या’ असे सांगून मोकळा होतो. मग कोणीतरी पेचकस घेऊन एक स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर फिरवतो, इंजिनाचा आवाज बदलतो आणि दुरुस्ती झाली असे सर्वांना वाटते. वास्तविक त्या एका स्क्रूची सत्ता फार मर्यादित आहे. शिवाय पेट्रोल वाचविण्याच्या भरात त्यात किंवा त्याच्या शेजारच्या जेटमध्ये केलेला बदल इंजिनाच्या जिवावर उठू शकतो. तो कसा, हे समजण्यासाठी त्या लहानशा यंत्राची रचना थोडी पाहावी लागते.

आपल्या परिचयाच्या घडणीची मोटार-स्कूटर हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीचे अपत्य होय. तेथील पोंतेदेरा गावच्या पियाज्यो कंपनीसाठी कोर्रादिनो दास्कानिओ या विमानविद्येतील अभियंत्याने १९४६ मध्ये ‘व्हेस्पा’ म्हणजे ‘गांधीलमाशी’ या नावाची स्कूटर सिद्ध केली. पुढच्याच वर्षी मिलानच्या इन्नोचेंती कंपनीची ‘लँब्रेटा’ आली. या दोन्ही गाड्या भारतात रुजल्या. लँब्रेटाची जुळणी १९५० नंतरच्या दशकात मुंबईत सुरू झाली, तर पियाज्योच्या परवान्याने पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाजने स्कूटर काढली. तो परवाना १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली आणि तिच्यासाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहू लागले. त्या जुन्या चेतकचे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले. आज त्याच नावाने विकली जाणारी गाडी विजेवर चालते. तिला कार्ब्युरेटरच नाही. परंतु वडिलांनी हप्ते भरून घेतलेली, कव्हराखाली जपून ठेवलेली स्कूटर अजून कित्येक घरी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या हौशी मंडळींची संख्याही लहान नाही. येथे उदाहरण म्हणून व्हेस्पा व चेतक या घराण्याच्या दीडशे घनसेंटिमीटर वर्गातील गाड्यांवर असणारा डेल’ओर्तो कंपनीच्या ‘एसआय’ जातीचा कार्ब्युरेटर घेतला आहे. लँब्रेटाच्या कार्ब्युरेटरची घडण निराळी असली, तरी तत्त्व एकच.

पेट्रोल हे द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. मापाने सांगावयाचे तर एक लिटर पेट्रोलसाठी नऊ हजार लिटरांच्या आसपास हवा इंजिनाने ओढावी लागते. कार्ब्युरेटरचे खरे काम हवेत पेट्रोल घालणे एवढेच नव्हे. वेग कितीही असो, हे प्रमाण सांभाळणे हे त्याचे काम होय. त्यासाठी त्याच्याजवळ विद्युत्‌ नाही, पंप नाही की तराजू नाही. हवेचा मार्ग मध्येच अरुंद केला, की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंतुरी याने १७९७ मध्ये प्रवाहांच्या अभ्यासात वर्णिलेल्या या गोष्टीवरच सगळी मदार आहे. दाब उतरलेल्या जागी एक बारीक नळी उघडली, की शेजारच्या कुंडीतील पेट्रोल आपोआप वर चढते आणि हवेच्या झोतात तुषार होऊन मिसळते.

स्कूटरच्या उजव्या अंगाचे फुगीर झाकण काढले, की इंजिनावर पत्र्याची एक पेटी दिसते. कार्ब्युरेटर त्या पेटीत बसविलेला असतो. गाडीच्या सांगाड्यातून एका रबरी भात्यावाटे हवा पेटीत येते आणि जाळीच्या गाळणीतून खाली उतरते. टाकीतील पेट्रोल प्रथम एका लहान कुंडीत साठते. तेथे तरंगणारा फ्लोट पातळी वाढली की एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो आणि पातळी उतरली की मोकळी करतो. घरातील पाण्याच्या टाकीचा गोळा करतो तेच हे काम. कुंडीतून पेट्रोल निघण्यास दोन मुख्य वाटा आहेत. एक लहान जेटची, इंजिन जागच्या जागी हळू चालत असता उपयोगी पडणारी. दुसरी मोठ्या जेटची, अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर कामास येणारी. मोठ्या जेटच्या माथ्यावर छिद्रे असलेली नळी आणि तिच्यावर हवेचे एक जेट अशी उतरंड असते. वेग फार वाढला असता मिश्रण गरजेपेक्षा दाट होऊ नये म्हणून पेट्रोल वर चढतानाच त्यात थोडी हवा मिसळण्याची ही युक्ती आहे. पुष्कळ मोटारसायकलींच्या कार्ब्युरेटरांत स्लाइडला जोडलेली निमुळती सुई असते. एसआयमध्ये ती नाही. थंड इंजिन सुरू करण्यासाठी चोकची तिसरी वाट आहे, पण ती इंजिन तापताच बंद व्हावयास हवी. चोकची तार गंजून अडकली, तर ही वाट अर्धवट उघडी राहते आणि मालक मात्र जेटना दोष देत बसतो.

आता ज्या स्क्रूवर सर्वांचा हात जातो त्याविषयी. वस्तुतः स्क्रू दोन आहेत. पेटीचे झाकण काढताच वरून दिसणारा स्क्रू स्लाइडला किंचित उचलून धरतो; त्याने इंजिनाची संथ गती कमीअधिक होते, मिश्रणाशी त्याचा संबंध नाही. दुसरा पेटीच्या मागच्या बाजूस, बहुधा रबरी बुचाआड असतो. तो संथ गतीच्या वाटेतील पेट्रोल कमीअधिक करतो. आत फिरवला की मिश्रण विरळ, बाहेर फिरवला की दाट. अ‍ॅक्सिलरेटर पुरता पिळून गाडी धावू लागली, की बहुतेक पेट्रोल मोठ्या जेटमधून येते आणि या स्क्रूचे फारसे काही चालत नाही. म्हणूनच रस्त्यावर पेट्रोल जास्त लागते या तक्रारीवर हा स्क्रू आवळणे म्हणजे डोके दुखते म्हणून पायाला लेप लावण्यासारखे आहे.

या गाड्यांचे इंजिन दोन-स्ट्रोकचे आहे, आणि येथेच धोक्याचे मूळ आहे. मोटारीच्या इंजिनात वंगणाचे तेल निराळ्या साठ्यात असते व पंपाने ते फिरवले जाते. या स्कूटरच्या गिअरपेटीत तेल असते खरे, पण पिस्टन, सिलिंडर आणि क्रँकचे बेअरिंग यांच्या वाट्याला तेल येते ते पेट्रोलमध्ये मिसळूनच. सामान्यतः लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे शेकडा दोन, असे ते प्रमाण. याचा सरळ अर्थ असा की पेट्रोलचा पुरवठा कमी झाला, तर त्याच मापाने वंगणही कमी होते. शिवाय मिश्रण विरळ झाले म्हणजे पिस्टनचा माथा अधिक तापतो. आत येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेने जो गारवा मिळावयाचा, तोही घटतो. उष्णता वाढावी आणि त्याच वेळी तेल आटावे, असा हा दुहेरी मार आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन ओतीव लोखंडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि एका क्षणी त्यात घट्ट धरला जातो. ‘इंजिन जाम झाले’ म्हणतात ते हेच. धावत्या गाडीचे मागचे चाक तत्काळ अडते. स्वाराने क्लच त्या क्षणी दाबला तर ठीक. नाही तर गाडी घसरते.

पेट्रोल महाग असल्याने लहान जेट घालून ‘अ‍ॅव्हरेज’ वाढवून देण्याची हातोटी अनेक गॅरेजांत चालत आली आहे. त्यात थोडे पेट्रोल वाचते, हेही खोटे नाही. परंतु वाचलेल्या पेट्रोलची किंमत आणि सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घालण्याचा खर्च यांचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

म्हणून कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी दोष खरोखरच त्याचा आहे की काय, हे पाहणे अगत्याचे असते. प्लगच्या टोकांतील अंतर सुमारे ०.६ मिलिमीटर असावे. कॉन्टॅक्ट पॉइंट जळलेले नसावेत आणि त्यांचे अंतर ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असावे. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असले, तर काही मैल गेल्यावर पेट्रोल येणे थांबते आणि थोडा वेळ उभे राहिल्यावर पुन्हा सुरू होते. हा चमत्कार कित्येकांना महिनोन्‌महिने चकवतो. सायलेन्सरमध्ये काजळी दाटली असेल, तर जळलेला वायू बाहेर पडत नाही आणि गाडी मिश्रण दाट असल्यासारखी वागते. दोन-स्ट्रोक इंजिनाला बाहेर टाकता येईल तेवढेच आत घेता येते.

सर्वांत फसवा दोष म्हणजे चोरून शिरणारी हवा. कार्ब्युरेटरच्या बुडाचे पॅकिंग फाटले, किंवा क्रँकच्या फ्लायव्हीलकडील ऑइल सील कडक होऊन चिरला, तर गाळणीतून न येता बाहेरूनच हवा आत जाते व मिश्रण विरळ होते. त्याची खूण अशी, की अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन लगेच उतरत नाही. क्षणभर वरच्या वेगात घुमत राहते आणि मग नाइलाजाने खाली येते. अशा वेळी स्क्रू बाहेर फिरवून मिश्रण दाट केले, तर दोष झाकला जातो, जात नाही. याउलट क्लचकडील सील गेला, तर इंजिन गिअरपेटीतील तेल ओढू लागते. धूर दाट होतो, प्लग ओला होतो, आणि गिअर ऑइलची पातळी मात्र गुपचूप उतरत असते. कार्ब्युरेटर कितीही धुतला तरी हा धूर थांबणार नाही.

इतके पाहून झाल्यावर मग कार्ब्युरेटर सोडवावा. दोन लांब बोल्टांवर तो पेटीत बसवलेला असतो. हे बोल्ट पूर्वी कोणी बळ लावून आवळले असतील, तर कार्ब्युरेटरचे बूड वाकलेले सापडते. काचेच्या सपाट तावदानावर ते टेकवून पाहिले, की वाक लगेच कळतो. तीच काच व बारीक पॉलिश पेपर घेऊन ते हलक्या हाताने घासून सपाट करता येते. फ्लोट कानाशी धरून हलवावा; आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटका आहे, तो तरंगणार नाही आणि कुंडी भरून वाहील. सुईच्या टोकावर झिजेची कडी उमटली असेल, तर सुई बदलावी. जेटमधून फुंकून किंवा पंपाच्या हवेने कचरा काढावा. तार मात्र घालू नये. जेट पितळेचे, म्हणजे मऊ धातूचे असते, आणि त्यावरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १०० आकड्याच्या जेटचे छिद्र १ मिलिमीटरचे. तारेच्या खरवडण्याने ते ०.०२ मिलिमीटर वाढले, तर छिद्राचे क्षेत्र शेकडा चारने वाढते. जेटवर आकडा मात्र १०० चाच राहतो, आणि पुढील मेकॅनिक त्याच्यावर विश्वास ठेवतो.

जुळणी करावयाची ती इंजिन तापल्यावर, म्हणजे आठदहा मिनिटे गाडी फिरवून आणल्यावर. गाळणी जागेवर असलीच पाहिजे. ती काढून ठेवून केलेली जुळणी गाळणी बसवताच चुकते. अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेला किंचित ढील असावी, नाही तर स्लाइड स्क्रूवर न टेकता तारेवरच लटकत राहील. मागचा मिश्रणाचा स्क्रू अलगद आत टेकेपर्यंत फिरवावा. तो टेकला, की थांबावे; जोर केला तर त्याचे निमुळते टोक आपल्या बैठकीत रुतून दोन्ही बिघडतात. मग तो दीड ते दोन फेरे बाहेर घ्यावा. गाडी सुरू करून वरच्या स्क्रूने गती थोडी चढती ठेवावी. आता मागचा स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर फिरवावा आणि प्रत्येक वेळी इंजिनाला सावरण्यास दोनचार सेकंद द्यावेत. उतावीळ हाताला येथेच यश येत नाही. एका जागी इंजिन सर्वांत वेगात व समतोल चालते. आणखी बाहेर नेले की आवाज घोगरा व अडखळता होतो. जेथे ते उत्तम चालले त्या जागी परतून वरच्या स्क्रूने गती उतरवावी आणि हाच क्रम एकदा पुन्हा करावा. शेवटी अ‍ॅक्सिलरेटर झटकन पिळून सोडावा. इंजिन न अडखळता चढले आणि न रेंगाळता उतरले, तर संथ गतीचे काम झाले. शंका असेल तर स्क्रू अर्ध्या पावाने दाटपणाकडे ठेवावा, विरळपणाकडे नव्हे.

येथेच एक व्यवहारातली अडचण आहे. प्रदूषणाच्या तपासणीत जुन्या दुचाकींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड संथ गतीतच मोजतात. २००० पूर्वीच्या गाड्यांना ती मर्यादा शेकडा ४.५ अशी घातलेली आहे. तपासणीत पास व्हावे म्हणून स्क्रू आवळून घेतला जातो आणि पुढे तो तसाच राहतो. नीट जुळवलेल्या निरोगी इंजिनाला सहसा अशा क्लृप्तीची गरज पडत नाही.

मोठ्या जेटची परीक्षा गॅरेजात होत नाही, ती रस्त्यावर होते. मोकळ्या सरळ रस्त्यावर दोनतीन किलोमीटर गाडी भरधाव चालवून, त्याच वेगात इंजिन बंद करून त्याच क्षणी क्लच दाबावा आणि बाजूस थांबून प्लग काढावा. मधल्या पोर्सेलिनचा रंग विड्यातील काताच्या वळणावर असला, तर मिश्रण योग्य. काळी कोरडी काजळी म्हणजे दाट. पांढरट, भाजल्यासारखा रंग म्हणजे विरळ. हल्लीच्या पेट्रोलमध्ये हे रंग पूर्वीइतके चटकन उमटत नाहीत, म्हणून नवा प्लग घालून अधिक अंतर जावे लागते. जेट बदलताना नेहमी मोठ्याकडून लहानाकडे यावे. दाट मिश्रणाने गाडी फार तर खोकेल. विरळ मिश्रण पूर्वसूचना देईलच असे नाही.

योग्य जेट असूनही वंगणाची उपासमार होण्याचा एक प्रसंग आहे, तो घाट उतरण्याचा. खोपोलीकडे बोरघाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर मिटलेला असतो, गिअरमुळे इंजिन मात्र वेगाने फिरत असते. पेट्रोल नाही, म्हणून तेल नाही. अशा उतारावर मधून मधून अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर पिळून इंजिनाला तेलाचा घोट देण्याची जुन्या स्वारांची सवय शास्त्रशुद्ध आहे. चढाची गोष्ट उलट. उंचीवर हवा विरळ होते, पण जेट तेवढेच असल्याने मिश्रण दाट होत जाते. महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवर मुंबईपेक्षा सुमारे आठवा भाग हवा कमी. गाडी थोडी मंदावते एवढेच. लेहच्या साडेतीन हजार मीटरवर मात्र हवेची घनता शेकडा तीसच्या आसपास घटते, आणि तेथे लहान जेट घालावेच लागते. ते घालणाऱ्याने परतीच्या वाटेवर मूळ जेट पुन्हा बसवण्यास विसरू नये. पठारावरचे जेट मैदानात पिस्टनचा काळ ठरते.

अलीकडे या सर्व हिशेबात एक नवे पद आले आहे. देशातील पेट्रोलमध्ये शेकडा दहा इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले, आणि शेकडा वीस इथेनॉलचे ‘ई-२०’ पेट्रोल २०२३ पासून मिळू लागून पुढे देशभर पसरले. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्याने त्याला हवा कमी लागते. ग्रॅमला सुमारे ९ ग्रॅम पुरते. त्यामुळे ई-२० पेट्रोलच्या एका ग्रॅमला १४.७ नव्हे, साडेतेरा ग्रॅमच हवा हवी. जुन्या कार्ब्युरेटरला ही वार्ता पोहोचण्याचा मार्ग नाही; तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देत राहतो आणि मिश्रण शेकडा सहासात विरळ होते. नव्या गाड्यांत संगणक हे ओळखून पुरवठा वाढवतो. जुन्या स्कूटरवर ते काम मालकानेच करावयाचे. मूळ जेटपेक्षा एकदोन पायऱ्या मोठे जेट घेऊन प्लग पुन्हा पाहावा, व मागच्या स्क्रूची जुळणी नव्याने करावी. तीस वर्षांपूर्वीच्या माहितीपुस्तकातील आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी बरोबर होता, आणि येथे तो जसाच्या तसा घेणे हाच चुकीचा आग्रह ठरतो.

इथेनॉल हवेतील पाणीही शोषून घेते. पावसाळ्यात महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी इथेनॉलसह तळाशी उतरते, कुंडीत जाऊन जस्ताच्या ओतीव अंगावर पांढरी बुरशी चढवते, आणि जुन्या जातीच्या रबरी नळ्या मऊ पाडते. किक मारण्यापूर्वी स्कूटर एका अंगावर कलती करण्याची जी प्रथा घरोघर होती, तिने बहुधा फ्लोट हलून थोडे अधिक पेट्रोल आत जात असे. कुंडीच्या तळाशी पाणी असल्यास त्या उपायाने तेच पुढे सरकेल. तेव्हा गाडी आठवड्याहून अधिक उभी राहावयाची असल्यास पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कुंडी जवळजवळ रिकामी होते. नळी बदलताना ती इथेनॉल सोसणाऱ्या जातीची मागून घ्यावी. पुन्हा गाडी काढण्याच्या दिवशी प्रथम नळी कार्ब्युरेटरपासून सोडवून घोटभर पेट्रोल काचेच्या पेल्यात धरून पाहावे. तळाशी निराळा थर दिसला, तर टाकी रिकामी करून मगच किकवर पाय ठेवावा.